पाहुण्यांचे घर : आधी छप्पर, मग पलंग



२०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. मुले पुण्या-मुंबईला गेली, घर फक्त सणावाराला उघडते. अशा घरात चार पलंग टाकून पाहुणे ठेवावेत असे अनेकांना वाटते. जरूर ठेवा. नळदुर्गचा किल्ला, तुळजापूर आपल्याच जिल्ह्यात आहे. पण खर्चाचा क्रम चुकवू नका.

पहिला खर्च छपराचा. शहरवाल्याला माळवदाचे कौतुक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर-किल्लारीकडे माणसे दगावली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर येऊन. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्याखाली कोणाला झोपवू नका. दुसरा खर्च पाण्याची टाकी, संडास, न्हाणीघर. तिसरा गाद्या, मच्छरदाण्या, चादरींचे दोन जोड. पाहुणा फिरकला नाही तरी घरच्यांच्या उपयोगी पडेल तेवढेच घ्या. कर्ज काढून टीव्ही नको.

आणि भाडे ठरवताना चादरी धुणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या घरच्या लक्ष्मीची मजुरी धरा. कापसाच्या भावात ती पुरी मिळत नाही म्हणून आपण भांडतो. जिथे भाव आपणच ठरवणार, तिथे तरी ती बुडवू नका.