सभासद शिक्षण : भाषण नको, हिशेब हवा

सप्टेंबर आला की गावोगावच्या खरेदी-विक्री संघांच्या आणि शेतमाल पणन संस्थांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा लागतात. सोबत अहवालाची छापील पुस्तिकाही येते. शिक्षक मित्रांनो, पालकहो, ती पुस्तिका आपल्यापैकी किती घरांत उघडली जाते? बहुतेक ठिकाणी ती थेट रद्दीत जाते. सभेला जायचं, "मंजूर, मंजूर" म्हणायचं, चहा घ्यायचा आणि मग वर्षभर पारावर बसून "संघ काय, चार-पाच जणांचाच आहे" असं बोलायचं!

सभासदांना शिकवायला हवं, हे काही नवीन नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या विणकरांनी १८४४ साली सहकारी दुकान काढलं, आणि पुढे नफ्यातला काही हिस्सा ते वाचनालयासाठी आणि शिक्षणासाठी बाजूला काढू लागले. आंतरराष्ट्रीय सहकार परिषदेच्या सात तत्त्वांत शिक्षणाचं तत्त्व पाचवं आहे. आपल्याकडे २०१३ साली सहकार कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा सभासद, पदाधिकारी आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वेगळं कलमच आलं. पण गावात ते कोणत्या रूपात पोचतं? सहकार सप्ताहात एक पाहुणे, एक हार आणि "विना सहकार नाही उद्धार". घोषणा चांगलीच आहे, पण तिने पट्टी वाचता येत नाही.

माझ्या मते सभासद शिक्षण म्हणजे पट्टी आणि अहवाल वाचता येणं. बाकी सगळं त्यानंतर.

एक उदाहरण घ्या. समजा संस्थेने माल बाजारात न्यायला ट्रक ठरवला, भाडं ९,००० रुपये. सभासदांनी ९० क्विंटल सोयाबीन दिलं तर क्विंटलमागे खर्च १०० रुपये. आता बांधावर एक व्यापारी आला आणि क्विंटलला ५० रुपये जास्त देतो म्हणाला. निम्म्या सभासदांनी माल त्याला घातला. ट्रक तोच, भाडं तेच, माल मात्र ४५ क्विंटल. खर्च झाला क्विंटलमागे २०० रुपये! मग जे संस्थेसोबत राहिले तेच तोट्यात, आणि पुढच्या वर्षी तेही व्यापाऱ्याकडे. संस्था अशी बंद पडते. मग तोच व्यापारी ५० रुपये जास्त कशाला देईल? हे गणित पाचवीच्या मुलाला सुटतं, पण त्याच्या वडिलांना ते कुणी मांडून दाखवलेलं नसतं.

अर्थात फक्त "संस्थेशी एकनिष्ठ राहा" असं शिकवणं मला मान्य नाही. ते अर्धवट शिक्षण झालं, आणि संचालकांच्या सोयीचं. वजनात घट किती धरली? हमाली, तोलाई कोणत्या दराने कापली? पैसे किती दिवसांनी मिळाले? नफा उरला तर तो दिलेल्या मालाच्या प्रमाणात वाटला का? समजा ६०,००० रुपये वाटायचे आहेत आणि सभासदांनी एकूण ६०० क्विंटल माल दिला, तर १२ क्विंटल देणाऱ्याला १,२०० रुपये मिळायला हवेत. हे विचारणारा सभासद विरोधक ठरू नये. शेअर कितीही असोत, मत एकालाच एक, हे त्याला माहीत हवं.

बायकांचं तर विचारूच नका. निंदणी, काढणी, वाळवणी त्यांची. सातबारावर नाव नाही म्हणून सभासदत्व नाही, आणि जिथे आहे तिथे सही घरी येऊन घेतली जाते.

काही जण म्हणतील, मास्तरांनी संस्थेच्या राजकारणात पडू नये. बरोबर आहे, पडूच नये. पण शेकडेवारी आणि नफा-तोटा शिकवताना दरवेळी पेन-पेन्सिलचाच दुकानदार कशाला? पट्टीचा नमुना फळ्यावर काढा, नावं काल्पनिक ठेवा. कपाती मुलांनाच वजा करू द्या. पालकांनीही सभेच्या आदल्या रात्री पुस्तिका मुलांच्या हातात द्यावी आणि नफा-तोटा पत्रक मोठ्याने वाचायला सांगावं. जो आकडा दोघांनाही कळला नाही, त्याच्यापुढे पेन्सिलने खूण करायची आणि सभेत तेवढाच एक प्रश्न विचारायचा.