तपासणी अंगणवाडीत, पुढचं सारं साठ किलोमीटरवर

कारंजा (घाडगे) : वर्षातून दोनदा अंगणवाडीत आरोग्य पथकाची गाडी येते. डॉक्टर लेकरांचं वजन, डोळे, दात, कान पाहतात, नोंद करतात आणि पुढच्या गावाला निघतात. हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून तो देशात सुरू झाला. जन्मतः असलेले दोष, आजार आणि कमतरता यांच्यासोबत वाढीतला उशीरही या तपासणीत पाहायचा असतो. त्यात स्वमग्नता म्हणजे ऑटिझमही येतो.

अडचण अशी, की ऑटिझम वजनकाट्यावर दिसत नाही, रक्त तपासूनही कळत नाही. लेकराच्या वागण्यावरूनच तो ओळखावा लागतो. एका दिवसात सगळी अंगणवाडी उरकायची, त्यात अनोळखी डॉक्टर पाहून पोरं रडतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर मायबाप सकाळीच वावरात, लेकरू आजीजवळ नाहीतर धुऱ्यावर. त्या दिवशी ते अंगणवाडीत नसलं, की पुढची फेरी सहा महिन्यांनी. दोन वर्षांच्या पोरासाठी सहा महिने म्हणजे आयुष्याचा चौथा हिस्सा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. हा हिशेब धरला तर हजार-बाराशे वस्तीच्या गावात आठ-नऊ जण निघू शकतात. गावात मात्र त्यांना कुणी मुकं म्हणतं, कुणी हट्टी, कुणी बाधा सांगतं. 'त्याचा बापबी उशिराच बोलला होता' म्हणून घरचे थांबतात. ऑटिझम मायच्या लाडानं होत नाही आणि लसीनंही होत नाही.

घरीच काय पाहायचं?

लेकरू वर्षाचं झालं तरी नावानं हाक मारल्यावर वळून पाहत नाही. दीड वर्षाचं झालं तरी बोटानं वस्तू दाखवत नाही. दोन वर्षांचं होऊनही 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही. नजरेला नजर देत नाही, किंवा आधी बोलत होतं ते बंद झालं. अशी खूण दिसली म्हणजे ऑटिझमच आहे असं नाही. ऐकू कमी येत असेल, तर तेही लवकर कळलेलं बरं. लसीकरणाच्या नोंदीसाठी जपून ठेवलेल्या माता-बाल संरक्षण कार्डावरही वाढीचे टप्पे छापलेले आहेत, पण ते पान फारसं कुणी उघडत नाही.

खरी अडचण नंतरची

पथकानं नाव काढलं, तर पुढची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी. कारंज्याहून वर्धा साठ किलोमीटरच्या वर. मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी कोण देणार? वाचा उपचार एका खेपेत होत नाहीत, महिनोन् महिने चालतात. दोन-तीन खेपांनंतर घर थकतं आणि लेकराचं नाव फक्त रजिस्टरात राहतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. पण सवलती सुरू होतात प्रमाणपत्र हाती आल्यावर. खर्च मात्र प्रमाणपत्राच्या आधीच सुरू झालेला असतो. गरीब घर नेमकं याच मधल्या काळात गळतं.

उपाय फार मोठा नाही. कारंज्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक दिवस ठरवून वाचा उपचार तज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ बसले, तर दर वेळी वर्धा गाठावं लागणार नाही. पथकाच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या लेकरांची यादी अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडे राहिली, तर कुणी सुटणार नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. त्यातून अशा लेकरांच्या जाण्या-येण्याची सोय होईल का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायलाच हवा.

ऑटिझम गोळीनं जात नाही. पण लवकर सुरुवात झाली तर बरीच लेकरं मागणं मागायला, स्वतः जेवायला, चार पोरांत खेळायला शिकतात. त्यासाठी पथकाची वाट पाहत बसू नये. खूण दिसताच सेविकेला सांगावं आणि कार्ड घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठावं.