तोंड दाबून क्षमा?

मंडळीत एखाद्याचे मन दुखावले की त्याची समजूत घालायला सगळे धावतात. दुखावणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही. पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत दुसऱ्या गटाला मत दिले म्हणून सभासदांच्या यादीतून नाव गळते. मुलीने पसंतीने लग्न ठरवले की रविवारच्या उपदेशात नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असा शेरा येतो. मयतीच्या दिवशी, शवपेटी अजून घरात असताना, थकलेल्या वर्गणीचे पावतीपुस्तक विधवेपुढे केले जाते. अशा वेळी तोंड उघडणाऱ्याला काही ठरलेली उत्तरे मिळतात. ती एकेक पारखून घेऊ.

पहिले उत्तर: ‘प्रभूच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये.’ आधार दावीदाचा दिला जातो. दावीदाने शौलावर हात टाकला नाही, हे खरेच. पण शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद तिथे बसून राहिला नव्हता, निसटून गेला होता. पुढे एन-गेदीच्या गुहेत शौल तावडीत सापडला, तेव्हा त्याने फक्त झग्याचा काठ कापून घेतला आणि बाहेर येऊन, तो तुकडा हातात धरून, राजाला मोठ्याने जाब विचारला. हात न उचलणे वेगळे आणि जाब न विचारणे वेगळे. पहिले दावीदाने केले, दुसरे आपण त्याच्या नावावर खपवतो.

दुसरे उत्तर: ‘एकांतात जाऊन सांग, शास्त्र तसेच सांगते.’ मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ही पहिली पायरी आहे. ऐकले नाही तर एकदोघांना सोबत ने, तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळव, अशा पुढच्या दोन पायऱ्या लगेच येतात. त्या मात्र कोणी वाचून दाखवत नाही. शिवाय ज्याच्या सहीवर लेकराच्या बाप्तिस्म्याचा दाखला अडकला आहे, त्याच्यासमोर एकटे बसणे हा बरोबरीचा एकांत नसतो. दोघे-तिघे जमतात तिथे मी आहे, हे वचन प्रार्थनासभेला तीन माणसे आली की आपण हमखास आठवतो. ते याच अध्यायात, या तक्रारीच्या रीतीला लागूनच आले आहे.

तिसरे उत्तर: ‘बाहेर बोललात तर विरोधकांच्या हाती कोलीत द्याल.’ ही भीती पोकळ नाही. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली. मिशनऱ्यांच्या कामावरचा तिचा १९५६ चा अहवाल आजही ख्रिस्ती लोकांविरुद्ध पुढे केला जातो. पण झाकलेली जखम चिघळते आणि कोलीत त्यातूनच मिळते. अंत्युखियात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून गेला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावले आणि तो प्रसंग गलतीकरांना लिहून कळवला. तेव्हा ख्रिस्ती मंडळी आजच्यापेक्षा कितीतरी दुबळी होती. आणि लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर हा वादच संपतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. पाळकही त्यातून सुटत नाही.

चौथे उत्तर सर्वांत गोड: ‘क्षमा कर आणि विसर.’ क्षमा करायचीच आहे. पण वेदीशी अर्पण ठेवून आधी समेट कर, ही आज्ञा प्रभूने ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला दिली. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. आपल्याकडे चौपट तर सोडाच, यादीतून गाळलेले नावही परत लागत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे म्हणणे: ‘असल्या चर्चपेक्षा घरी बसलेले बरे.’ पोळलेल्या माणसाने असे म्हटले तर त्याला कोणी दोष देऊ नये. पण ते खरे नाही. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी दोनच वर्षांत इंग्लंडमध्ये बिशपांची ढवळाढवळ सोसली. इंग्रज तरुणांना एका हिंदी बाईने शिकवू नये, असे त्या बिशपांचे म्हणणे होते. रमाबाईंनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिनना रोखठोक पत्रे लिहिली, आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही आणि ख्रिस्तालाही सोडले नाही. केडगावचे मुक्ति सदन आणि त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यानंतरचे आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत ज्यांच्या हाती बायबल आले, त्या ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. मिशन सुटले, प्रभू सुटला नाही. त्यांची भजने आजही मंडळ्या गातात.

म्हणून दुखावलेल्या बंधुभगिनींना सांगणे आहे. काय घडले ते तारखेनिशी लिहून ठेवा. गटातटाबाहेरच्या एका माणसाला विश्वासात घ्या. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, उत्तर नाही आले तर डायोसिसकडे जा. गुन्हा असेल तर आधी पोलीस ठाणे. तेवढे बळ नसेल तर काही रविवार दुसऱ्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा. मंडळी बदलणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. रागाने प्रार्थना सुचत नसेल तर ५५ वे स्तोत्र उघडा. देवाच्या घरी बरोबर चालणाऱ्या मित्रानेच घात केला, ही तक्रार तिथे थेट देवापुढे मांडली आहे.

आणि कमिटीवाल्यांना एवढेच: ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच अध्यक्षाच्या खुर्चीत, ही सुनावणी नव्हे. बाहेरच्या मंडळीतली माणसे बसवा, त्यात स्त्रिया असू द्या, निर्णय लेखी द्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा चर्चपरंपरा पिढ्यान्‌पिढ्यांचे मतभेद बाजूला ठेवून एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. ज्या शहरात हे जमले, त्या शहरातल्या मंडळीला एका विधवेचा अर्ज वाचायला वेळ नाही, ही सबब चालणार नाही. पुढच्या प्रभुभोजनाआधी तो अर्ज वाचा.