दाखला हक्काचा, मेहेरबानीचा नव्हे

नोकरी सोडणे हा एक करार संपविण्याचा साधा व्यवहार आहे. परंतु जेथे पगार वेळेवर होत नाही, जादा कामाचा मोबदला मिळत नाही आणि अपमान मात्र रोजचा असतो, तेथून बाहेर पडणाऱ्याला तो तसा साधा राहत नाही. नव्या ठिकाणी ‘मागील नोकरीचा दाखला आणा’ असे सांगितले जाते, आणि ज्याच्या जाचातून सुटका करून घेतली त्याच्याच दारात पुन्हा उभे राहावे लागते.

वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या पट्ट्यात लहान लहान गाळ्यांतून चालणारे उद्योग दाटीने वसले आहेत. अशा उद्योगांत नेमणूक पुष्कळदा तोंडी होते. साहजिकच, अनेक वर्षे यंत्रावर काढलेल्या कामगाराजवळ त्या वर्षांचा कागदोपत्री पुरावा नसतो. मालकाची मर्जी हाच त्याचा अनुभव ठरतो.

खरेदीदाराला मालाची खरी प्रत कळत नसेल तर बाजार बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. श्रमाच्या बाजारातही नव्या मालकाने चौकशी करावी यात गैर काही नाही. तथापि जुना मालक हा निःपक्ष साक्षीदार नव्हे. सोडून जाणारा हाच वाईट मालकावरील अंकुश असतो. दाखला अडविण्याची मुभा मिळाली की तो अंकुशच मालकाच्या हाती जातो. नुकसान एकट्या कामगाराचे होत नाही. सचोटीने धंदा करणारा शेजारचा कारखानदारही चांगल्या माणसास मुकतो.

कायद्याला हे अज्ञात नव्हते. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालील केंद्रीय आदर्श आदेशांत, सेवा संपताना कायम कामगारास सेवा-प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क नमूद होता. तो कायदा मुळात 100 कामगारांच्या, तर महाराष्ट्रात 50 कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा 300 वर नेली. म्हणजे ज्या गाळ्यांत संरक्षणाची निकड सर्वाधिक, ते पूर्वीपेक्षाही दूर राहिले. नव्या संहितांनी नेमणूकपत्र देणे आणि राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करणे बंधनकारक केले, हे स्वागतार्हच. परंतु आत येतानाचा कागद सक्तीचा आणि बाहेर पडतानाचा ऐच्छिक, ही विसंगती उरतेच.

जर्मनीत व्यवसाय-कायद्याच्या कलम 109 नुसार प्रत्येक कर्मचाऱ्यास लेखी दाखल्याचा हक्क आहे. त्यातील शब्दांआड वेगळा अर्थ दडविण्यासही मनाई आहे. ब्रिटनमध्ये निष्काळजीपणे दिलेल्या प्रतिकूल शिफारशीबद्दल मालक जबाबदार ठरू शकतो, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने 1994 मध्ये दिला.

आपल्याकडे तसे होईपर्यंत कामगाराने सावध राहिलेले बरे. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक नोकरीत असतानाच जपावे. निधीतील मासिक नोंदी या मालकाच्या लहरीवर न बदलणारा दाखलाच होत. राजीनामा लेखी द्यावा व त्याची पोच घ्यावी. चौकशीसाठी मालकाऐवजी ज्याने प्रत्यक्ष काम पाहिले त्या पर्यवेक्षकाचे नाव, त्याच्या संमतीने, द्यावे. मुलाखतीत जुन्या मालकाची निंदा करू नये आणि खोटेही बोलू नये. ‘वेतन नियमित नव्हते म्हणून सोडली’ एवढे एक वाक्य पुरेसे असते.

शासनाने करावयाचे काम याहून अवघड नाही. हुद्दा, कामाचे स्वरूप आणि सेवेचा कालावधी एवढ्याच तीन गोष्टींचा दाखला, कामगारसंख्या कितीही असो, ठराविक मुदतीत देणे बंधनकारक करावे. कामगाराच्या गुणदोषांविषयी मालकाने मत द्यावे वा न द्यावे. परंतु केलेल्या श्रमाची नोंद ही श्रम करणाऱ्याची मालमत्ता आहे. ती तिजोरीत अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मालकास असता कामा नये.