‘नको’ म्हणू शकणारे क्लिनिक

लग्न तीन आठवड्यांवर आलेले असते. गालांवर वांगाचे तपकिरी डाग असतात. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी आईला घेऊन शहरातल्या एखाद्या कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये जाते. तिथे तिची पहिली भेट डॉक्टरांशी होत नाही, ‘काउन्सेलर’शी होते. समोर टॅब्लेटवर उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो, सहा सेशनचे पॅकेज, आजच नोंदणी केली तर सवलत आणि बिनव्याजी हप्ते. डॉक्टर खोलीत येतात तेव्हा पैसे भरून झालेले असतात. ‘तुम्हाला सध्या लेझरची गरज नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या मनात आले तरी आता ते उच्चारणे अवघड होऊन बसते.

वास्तविक तेच वाक्य योग्य असते. वांगामागे ऊन, संप्रेरके आणि आनुवंशिकता अशी अनेक कारणे असतात. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असते आणि लेझरची ऊर्जा तेच शोषून घेते. मात्रा थोडी चुकली तरी त्वचा भाजते, आणि दाह ओसरल्यावर आधीपेक्षा गडद डाग उरतो. तो फिकट व्हायला कित्येक महिने जातात. म्हणून लग्न तोंडावर असताना सनस्क्रीन, एखादे सौम्य मलम आणि ‘बाकीचे लग्नानंतर पाहू’ एवढाच सल्ला शहाणपणाचा. असा सल्ला द्यायला ज्ञान लागते, हे खरेच. पण तो देता येईल अशी क्लिनिकची व्यवस्थाही लागते. ती लावणे ही क्लिनिकच्या प्रमुखाची जबाबदारी आहे.

सौंदर्योपचार म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून हा विषय झटकून टाकता येणार नाही. मुरुमांचे खड्डे, भाजल्याचे व्रण, चेहऱ्यावरची अनावश्यक लव यांमुळे माणसे मनाने खचतात आणि योग्य उपचारांनी त्यांना उभारी मिळते. मात्र या शाखेत आणि इतर वैद्यकात एक मूलभूत फरक आहे. अपेंडिक्स सुजले असताना शस्त्रक्रिया टाळली तर जीव जाऊ शकतो. इथे येणारी व्यक्ती मुळात धडधाकट असते, आणि उपचार न केल्याने तिच्या प्रकृतीचे सहसा काही बिघडत नाही. त्यामुळे नकार देण्याची डॉक्टरची जबाबदारी इथे इतर कोणत्याही शाखेपेक्षा मोठी ठरते.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी रचना नेमकी उलट असते. काउन्सेलरचा पगार तुटपुंजा आणि विकलेल्या पॅकेजवर टक्केवारी. शाखेला दरमहा टार्गेट. लाखो रुपयांचे लेझर यंत्र कर्जाने घेतलेले, त्याचा हप्ता दर महिन्याला ठरलेला. यंत्र रिकामे राहून चालत नाही, म्हणून मग त्याच्यासाठी चेहरे शोधले जातात. रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देण्या-घेण्याला डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. पण ती आचारसंहिता डॉक्टरांसाठी आहे, काउन्सेलर तिच्या कक्षेबाहेर राहतो. टक्केवारी कुणाला आणि कशावर द्यायची, हा वरवर हिशेबाचा प्रश्न दिसतो. पण कुणाच्या त्वचेवर काय होणार, हे पुष्कळदा तिथेच ठरते.

यंत्र कुणाच्या हातात आहे, हा पुढचा प्रश्न. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट सांगावे लागले. त्याआधी २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला होता. तरीही दारावर डॉक्टरांची पाटी आणि आत सगळे काम तंत्रज्ञांकडे, हा प्रकार थांबलेला नाही.

हे सगळे फसते तेव्हा माणसे सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविकार विभागात येतात. कुणाचा गाल भाजलेला असतो, कुणाच्या टोचलेल्या जागी पू झालेला असतो. पैसे भरल्याची पावती जवळ असते. पण काय टोचले, किती टोचले, लेझर कोणत्या मात्रेवर चालवले, याचा कागद नसतो. पुढचे उपचार करणाऱ्या डॉक्टरला अंदाजाने सुरुवात करावी लागते.

चांगले नेतृत्व कसे दिसते, हे ओळखणे अवघड नाही. तिथे आधी डॉक्टर तपासतात आणि खर्चाची चर्चा नंतर होते. काउन्सेलरला निश्चित पगार असतो. कोणते काम डॉक्टरच करतील आणि कोणते प्रशिक्षित सहायकाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचे, हे लेखी ठरलेले असते. महिनाअखेरीच्या बैठकीत उलाढालीबरोबर आणखी दोन आकडे मांडले जातात: किती जणांना त्रास झाला आणि किती जणांना उपचाराशिवाय परत पाठवले. दुसरा आकडा सतत शून्य येत असेल, तर प्रमुखाने काळजी करावी.

तयारीचेही तसेच. ओठ किंवा गाल भरीव दिसण्यासाठी टोचले जाणारे हायलुरोनिक आम्लाचे फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले, तर त्वचा काळी पडून मरते. क्वचित दृष्टीही जाते. ते विरघळवणारे हायलुरोनिडेज हे औषध त्याच खोलीत हवे आणि कुठे ठेवले आहे हे प्रत्येकाला माहीत हवे. अशा वेळी मिनिटांचा हिशेब असतो. औषधाच्या दुकानात माणूस पाठवायला सवड नसते. नर्सला त्वचेचा रंग बदललेला दिसला, तर ‘डॉक्टर, थांबा’ म्हणण्याची तिला मुभा हवी, आणि तसे म्हटल्याबद्दल तिला बोलणी बसता कामा नयेत. शिकवणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू आणि गुंतागुंतींवर सर्वांसमोर चर्चा करण्याची पद्धत आहे. चार खोल्यांच्या क्लिनिकलाही ती परवडते. तिला पैसे लागत नाहीत, फक्त प्रमुखाला स्वतःची चूक आधी सांगावी लागते.

यावर व्यावसायिकांचे म्हणणे ठरलेले असते. भाडे, पगार, हप्ते कुठून द्यायचे? आपण नाही म्हटले तर समोरचे क्लिनिक हो म्हणेल. ही अडचण खोटी नाही, आणि व्यवस्थापन हा विषय एमबीबीएसला कुणी शिकवत नाही, हेही खरे. पण हा व्यवसाय परतून येणाऱ्या माणसांवर चालतो. बोटॉक्सचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. पहिल्याच भेटीत फसवणूक झाल्याची भावना घेऊन गेलेली व्यक्ती पुन्हा पायरी चढत नाही, आणि दहा जणांना सांगते. ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे ज्यांनी सांगितले, त्यांच्याकडे माणसे पुढच्या वेळी बहिणीलाही घेऊन जातात.

ग्राहकाच्याही हातात काही गोष्टी आहेत. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि पावतीवर छापणे अपेक्षित आहे, तो पाहावा. उपचार प्रत्यक्ष कोण करणार, हे विचारावे. औषधाची बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी, बॅच क्रमांक आणि मुदत टिपून घ्यावी. उपचारांच्या नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत मिळायला हव्यात, असे ती आचारसंहिता सांगते. आणि पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: ‘हे केले नाही, तर माझे काय बिघडेल?’ प्रामाणिक उत्तर पुष्कळदा ‘काहीच नाही’ असे असते. ते ज्या क्लिनिकमध्ये मोकळेपणाने ऐकायला मिळेल, तिथे उपचार घ्यायला हरकत नाही.