दंडाचा अधिकार आणि साक्षीचे कर्तव्य

मृत्युदंड रद्द करावा, निदान त्याची अंमलबजावणी थांबवावी, असा आग्रह युरोपीय राष्ट्रे जगाला सातत्याने करीत आली आहेत. डिसेंबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तसा ठराव १०४ विरुद्ध ५४ मतांनी संमत झाला. भारताने विरोधात मत दिले. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी आमसभेच्या समितीतही भारताचे मत विरोधीच होते आणि दोनच दिवसांनी येरवडा कारागृहात कसाबला फाशी देण्यात आली. आपली दंडव्यवस्था ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राचा आहे, ही भूमिका रास्तच आहे. शिवाय १९८० च्या बचनसिंग निकालापासून आपल्याकडे फाशी केवळ दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणीच दिली जाते.

ठराव बंधनकारक नसतो. पण आरोपी परक्या भूमीवर सापडला, की उपदेशाची अट बनते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जणांचे बळी गेले. त्यातील अबू सालेम पोर्तुगालमध्ये पकडला गेला. त्याला मिळविण्यासाठी डिसेंबर २००२ मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांना हमी द्यावी लागली : फाशी नाही, पंचवीस वर्षांहून अधिक कारावासही नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शासन या हमीला बांधील असल्याचे सांगितले. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. परंतु त्याच कटातील याकूब मेमन २०१५ मध्ये नागपुरात फासावर गेला. कट एक, मात्र परक्या देशाच्या अटीमुळे एका आरोपीपुरता फास आधीच बाजूला पडला.

हा सल परकीयांविषयीचा झाला. घरचा सल याहून खोल आहे. जामखेडच्या शेजारच्या कर्जत तालुक्यातील कोपर्डीत २०१६ मध्ये एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. नगरच्या न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच महिन्यात, त्याच नगरमध्ये, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २०१४ मध्ये झालेल्या दलित युवकाच्या हत्येचा निकाल लागला. साक्षीदार उलटले होते. आरोपी निर्दोष सुटले. तेथे कोणत्याही परराष्ट्राचा दबाव नव्हता.

जामखेड तालुक्यातीलच चौंडी ही पुण्यश्लोक अहिल्यादेवींची जन्मभूमी. त्यांचे नाव घेणाऱ्या समाजाने एवढे ध्यानी घ्यावे : दंडाचा अधिकार राष्ट्राचा खरा, पण जेथे शेजारी साक्ष द्यायला धजत नाही, तेथे तो अधिकार कागदावरच राहतो. परकीयांचा उपदेश नाकारण्याचे नैतिक बळ निर्भय साक्षीतूनच येते आणि पीडित कोणत्या जातीचा, हे ती साक्ष विचारीत नाही.