नदीचा श्वास

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघरी अभ्यंगस्नान होते. तेल, उटणे, सुवासिक साबण आणि वर पुण्यनद्यांचे स्मरण! मग ते सारे पाणी मोरीतून खाली जाते आणि आपण फराळाच्या ताटाकडे वळतो. मोरीच्या जाळीखाली पुढे काय घडते, हे सणासुदीला बोलू नये असा संकेत आहे. पण वाचकहो, ज्या नद्यांची नावे घेतली, त्यांच्याकडेच हे पाणी निघालेले असते. तेव्हा आज थोडा संकेतभंग करू.

लंडनच्या थेम्सची कथा या बाबतीत मोठी बोधप्रद आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात तिची दुर्गंधी इतकी वाढली, की पार्लमेंटचे पडदे क्लोराइडयुक्त चुन्यात भिजवून टांगावे लागले. दुर्गंधी राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत पोचली, की कामे लवकर होतात! जोसेफ बॅझलजेट या इंजिनियराने प्रचंड भुयारी गटारे बांधली. शहराची घाण पूर्वेला बेक्टन आणि क्रॉसनेस येथे नेऊन ओहोटीबरोबर नदीत सोडण्यात येऊ लागली. लंडन स्वच्छ झाले. घाण मात्र नाहीशी झाली नाही, तिने फक्त पत्ता बदलला. आणि १९५७ साली तेथील नॅचरल हिस्टरी म्युझियमने थेम्स जैविक दृष्ट्या मृत ठरवली.

नदी मरते म्हणजे काय होते? घाण खाणारे सूक्ष्म जिवाणू पाण्यात असतातच. मैला वाढला की ते माजतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. मग मासे गुदमरतात. शुद्धीकरण केंद्रात चमत्कार काही नसतो. नदीत जे व्हायचे, ते हौदात उरकून घ्यायचे, एवढेच. आधी गाळ खाली बसवायचा, मग पाण्यात हवा सोडून त्याच जिवाणूंना भरपूर प्राणवायू द्यायचा. त्यांची पंगत नदीबाहेर उठली, की नदीचा श्वास नदीकडेच राहतो.

१९६० आणि १९७० च्या दशकांत क्रॉसनेस आणि बेक्टनची केंद्रे अशी सुधारली गेली. १९७४ साली थेम्समध्ये सामन मासा सापडला. जवळजवळ दीडशे वर्षे तो तेथे दिसला नव्हता!

पण कथा येथे संपत नाही. लंडनच्या जुन्या गटारांतून पावसाचे आणि मैल्याचे पाणी एकत्रच वाहते. जोराचा पाऊस आला की ती तुंबून नदीत ओसंडत. त्यासाठी नदीखाली २५ किलोमीटर लांबीचा बोगदा खणला गेला. २०२५ साली तो पूर्णपणे जोडला गेला. त्याचा खर्च नागरिकांच्या पाणीपट्टीतून वसूल होतो. २०२१ च्या एका अहवालात प्राणवायू वाढल्याचे आणि फॉस्फरस घटल्याचे दिसले. नायट्रेट मात्र वाढतच होते. एक दुखणे बरे झाले, की दुसरे दिसू लागते.

आपल्याकडे मुळा-मुठेसाठी जपानच्या कर्जातून अकरा नवी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा करार २०१६ साली झाला. उत्तमच! पण केंद्र बांधणे हे लग्न आणि चालवणे हा संसार. लग्नाला मंडप, आहेर आणि पुढारी असतात. संसाराला रोजची वीज, जाणती माणसे आणि दरमहा पैसा लागतो. हवा सोडणारी यंत्रे बंद पडली, तर हौदातले जिवाणू मरतात आणि मैला जसाच्या तसा नदीकडे निघतो.

निवडणुकीत उमेदवार दारी आले, की आपण नळ, रस्ते आणि दिवे यांविषयी विचारतो. नळातून पाणी किती वेळ येते, हे गृहिणीला मिनिटावर पाठ असते. यापुढे एक प्रश्न वाढवावा: आमच्या मोरीचे पाणी कोणत्या केंद्रात जाते, आणि ते केंद्र आज चालू आहे काय? उमेदवार गोंधळेल. गोंधळू द्या. पुढच्या वेळी तो उत्तर शोधून येईल.